नागोरावांचा जामीनदार

पुण्यात खोली भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक आधी नाव विचारतो आणि मग पूर्ण नाव विचारतो. पहिल्या प्रश्नाला नागोराव न अडखळता उत्तर देत. दुसऱ्या प्रश्नाला ‘खंडारे’ म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबे, त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाही आणि मग बोलणं फार नम्र होऊन जाई.

“खोली द्यायची नाही असं मुळीच नाही,” बिबवेवाडीतल्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितलं होतं. “पण आमच्याकडे सणवार, सोवळं-ओवळं फार. उगाच तुमचीच अडचण व्हायची.”

आमची काही अडचण नाही, असं नागोराव म्हणाले. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, “तुम्ही समजूतदार आहात, म्हणून तर बोललो.” आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नागोराव वाशिमकडचे. आयटीआय करून एकविसाव्या वर्षी पुण्यात आले आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत लागले. शहरभर सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरायचं हे त्यांचं काम. दिवसाला चार-पाच इमारती होत. शेकडो दारं, शेकडो पाट्या त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या. आपली पाटी मात्र कुठेच नव्हती. लग्न झालं, सृष्टी जन्मली, आणि ह्या सगळ्यात त्यांनी सहा खोल्या बदलल्या. शेवटच्या मालकाने मुलाचं लग्न ठरलंय, खोली लागणार आहे म्हणून महिन्याची मुदत दिली. सामान टेम्पोत चढत असतानाच फाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली. सुशीलाबाईंनी ती वाचली आणि शेजारी उभ्या सृष्टीचं डोकं उगाचच पदराने झाकलं. त्या दिवशी नागोरावांच्या मनाने घेतलं की आता भाड्याच्या घरात राहायचं नाही.

घर मिळालं ते वारज्यात, एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. फंडातले पैसे काढले, गावच्या जागेतला हिस्सा थोरल्या भावाला देऊन टाकला, सुशीलाबाईंनी मंगळसूत्र आणि आईच्या दोन पाटल्या सोडून बाकीचं सोनं मोडलं. उरलेल्या चौदा लाखांसाठी एका सहकारी बँकेत वीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जाचा अर्ज केला. बँक म्हणाली, जामीनदार आणा.

इथे घोडं अडलं. मेहुणा म्हणाला, माझंच कर्ज आहे. कंपनीतला सुपरवायझर म्हणाला, मी तत्त्व म्हणून कुणाला जामीन राहत नाही. गाववाल्या दोघांनी फोनच उचलले नाहीत.

नागोरावांचा कामातला जोडीदार होता उत्तरेश्वर गरड. बार्शीकडचा, वयाने सहा वर्षांनी मोठा, कसबा पेठेत एका बोळात भाड्याने राहणारा. लिफ्टचं काम जोडीनेच करतात. एक जण लिफ्टच्या टपावर उभा राहतो आणि दुसरा वरच्या मशीनरूममधून लिफ्ट हलवतो. टपावरचा ओरडतो “वर”, “थांब”, “खाली”. वरच्याने ऐकण्यात चूक केली तर टपावरचा माणूस चिरडतो. दहा वर्षं दोघं असे एकमेकांच्या आवाजावर जगले होते.

त्या दिवशी कोथरूडमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर दोघं डबा खात बसले होते. नागोरावांचा घास तोंडात फिरत होता.

“काय झालंय?” उत्तरेश्वरने विचारलं.

नागोरावांनी सांगितलं. मागायचं म्हणून नव्हे, विचारलं म्हणून.

“आरं मग मी हाय की,” उत्तरेश्वर म्हणाला. “कुठं सही करायची?”

“घरी विचार आधी. वीस वर्षांची भानगड आहे.”

“विचारायचं काय त्यात? तू काय पळून चाललायस?” त्याने चटणीची पुडी नागोरावांच्या डब्यात मोकळी केली. “नागू, रोज मी तुझ्या हातात जीव देतो. सहीचं काय घेऊन बसलास?”

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. कागद वाचलेसुद्धा नाहीत.

घराचा ताबा मिळाला त्या संध्याकाळी नागोरावांनी बँकेचा तक्ता जमिनीवर पसरला. दोनशे चाळीस हप्ते होते. चौदा लाखांचे चौतीस लाखांच्या घरात जात होते. शेवटच्या हप्त्याच्या वेळी त्यांचं वय एकोणसाठ असणार होतं, आणि नोकरी होती अठ्ठावन्नपर्यंत.

“हे एवढं चालायचं नाही,” ते सुशीलाबाईंना म्हणाले. “आपण हे निम्म्यात संपवू.”

तिथून काटकसर सुरू झाली. कंपनी मोटरसायकलच्या पेट्रोलचा भत्ता देई. नागोराव सायकलवर फिरले आणि भत्ता बाजूला टाकला. दूध लिटरचं अर्धा लिटर झालं. भाजी सुशीलाबाई बाजार उठता उठता आणत, विक्रेते ढीग लावून देतात तेव्हा. चार घरी पोळ्या करायला जाऊ लागल्या. केबल नाही, फ्रीज नाही. उन्हाळ्यात माठ आणि एक पंखा, तोही तिघं झोपत त्या खोलीतला. गावाला दोन वर्षांतून एकदा, तेही नागोराव एकटेच. दसऱ्याला नागपूरला जायचा नेम सुटला. विहारातल्या लोकांनी दोन वर्षं विचारलं, मग विचारणं सोडलं. वर्षाकाठी साठ-सत्तर हजार साठले की नागोराव बँकेत जाऊन मुद्दलात भरत. ती पावती घेऊन घरी येताना त्यांची चाल बदललेली असे.

बाहेर चहा ते पीत नसत. कारण चहा घेतला की कधीतरी चहा पाजावा लागतो. ॲसिडिटी होते, असं सांगत. उत्तरेश्वरने त्यांच्या घरी त्यांना कपभर चहा बशीत ओतून पिताना पाहिलं होतं. तरी टपरीवर तो इतरांना सांगे, “त्याला नको विचारू, त्याला चालत नाही.” आणि कधी कधी क्रीमरोल मात्र हातात ठेवी.

लग्नांना जाणं बंद झालं. आहेर नको म्हणून. सुशीलाबाईंना ते फार लागे. पत्रिका आली की त्या ती डब्याखाली ठेवत आणि तारीख उलटून गेली की रद्दीत टाकत. “नंतर सगळ्यांकडे जाऊ,” नागोराव म्हणत. नंतर म्हणजे फिटल्यावर.

लॉकडाऊनमध्ये चार महिने अर्धा पगार आला. पोळ्यांची घरं सुटली, कारण बाहेरच्या बाईला कुणी आत घेईना. त्या दिवसांत घरात वरण-भात आणि भात-वरण होतं. पण एकही हप्ता चुकला नाही. याचा नागोरावांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मग दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात बँकेचं पत्र आलं. व्याजदर वाढल्यामुळे हप्ता तोच ठेवून मुदत सव्वीस महिन्यांनी वाढवण्यात येत आहे, असं त्यात होतं. नागोरावांनी पत्र तीनदा वाचलं. दहा वर्षं पोटाला चिमटा काढून मागे ढकललेलं कर्ज एका कागदावर सव्वीस महिने पुढे सरकलं होतं. त्यांच्या मनात जुनी धास्ती जागी झाली. आपण जिना चढतोय आणि कुणीतरी वरून पायऱ्या वाढवत चाललंय, असं त्यांना होऊन गेलं. पुढचे काही आठवडे ते नीट जेवले नाहीत. कंपनीने दिवाळीचा बोनस आगाऊ दिला, दोन भिश्या उचलल्या, सुशीलाबाईंचे पोळ्यांचे पैसे त्यात घातले आणि दीड लाख उभे केले. रविवारी सुशीलाबाईंनी ते मोजून, रबर लावून कपाटात ठेवले. सोमवारी भरायचे होते.

त्याच रविवारी संध्याकाळी उत्तरेश्वर आला. इतक्या वर्षांत तो आधी फोन न करता कधी आला नव्हता. सुशीलाबाई खाली दळण आणायला गेल्या होत्या.

“सोनालीला नर्सिंगला सीट लागलीय,” तो म्हणाला. सोनाली ही त्याची एकुलती एक पोर, अठरा वर्षांची. “पहिल्या वर्षाचे पंच्याण्णव हजार. पस्तीस आहेत माझ्याकडे. शनिवारपर्यंत मुदत आहे. साठ पाहिजेत, नागू. मार्चपर्यंत देतो.”

नागोरावांची पाठ कपाटाला होती.

“अरे बापरे,” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत?”

“हां.”

“बघ ना, नेमकं आत्ताच… बँकेचं पत्र आलंय. मुदत वाढवलीय त्यांनी. माझ्याकडे आत्ता काहीच नाही रे.”

उत्तरेश्वरने मान हलवली. “नसतील तर नसतील,” तो म्हणाला. “म्हटलं विचारून बघावं.” पाण्याचा पेला त्याने संपवला, स्वतःच मोरीत नेऊन ठेवला आणि गेला.

सुशीलाबाई दळण घेऊन आल्या. जिन्यात उत्तरेश्वरभाऊजी दिसले, बसले का नाहीत, असं त्यांनी विचारलं. नागोराव म्हणाले, “सहज आला होता.”

सोमवारी त्यांनी दीड लाख भरले.

पुढे काय झालं ते त्यांना तुकड्यातुकड्याने कळलं. सीट गेली. उत्तरेश्वरने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काम जोडीनेच चालू राहिलं. पण तो आता ‘नागू’ म्हणेनासा झाला. ‘खंडारे’ म्हणू लागला, सुपरवायझर म्हणे तसं. डबा खाताना दोघं समोरासमोर बसत आणि मुकाट्याने खात. दिवसभरात त्यांच्यात जे बोलणं होई ते लिफ्टच्या बोगद्यातून येई. वर. थांब. खाली. उत्तरेश्वर टपावर उभा असला की मशीनरूममध्ये नागोराव बटण दाबण्याआधी त्याचा शब्द स्वतःशी पुन्हा म्हणत. तो मात्र पूर्वीइतक्याच विश्वासाने उभा राही, किंवा तसं दिसे.

रुसलाय, होईल शांत, अशी नागोरावांनी मनाची समजूत घातली. फेब्रुवारीत सोनालीचं लग्न झालं, बार्शीला. पत्रिका मोबाइलवर आली. नागोराव गेले नाहीत. सुशीलाबाईंनी पाचशे रुपये पाकिटात घालून त्यांच्याकडे दिले. उत्तरेश्वरने ते पाकीट खिशात ठेवलं आणि “पोचलं” एवढंच म्हणाला.

दोन हजार पंचवीसच्या नोव्हेंबरात कर्ज फिटलं. वीस वर्षांचं कर्ज बाराव्या वर्षी.

बँकेत नागोराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. कर्जविभागातल्या बाईंनी मूळ खरेदीखत, बेबाकी दाखला आणि आणखी दोन-तीन कागद त्यांच्यासमोर ठेवले. बाई इतकी वर्षं त्यांना ओळखत होत्या.

“सगळेच तुमच्यासारखे कर्जदार असते तर आम्हाला नोकऱ्याच राहिल्या नसत्या,” त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. मग एक लिफाफा पुढे केला. “हे तुमच्या जामीनदारांना द्या. त्यांची जबाबदारी संपली म्हणून पत्र आहे. पोस्टाने पाठवणार होतो, पण तुम्ही एकाच ठिकाणी आहात ना?”

“हो. मी देतो.”

“भला माणूस आहे हो. दोन वर्षांपूर्वी आले होते आमच्याकडे कर्जाला. मुलीच्या फीसाठी, साठ हजार. पण त्यांचा पगार तेवढाच, त्यात तुमचा जामीन त्यांच्या नावावर, त्यामुळे कर्ज बसेना. मला वाईट वाटलं. त्यांना म्हटलं, त्यांचं काही टेन्शन घेऊ नका, खंडारे पक्के आहेत, कालच दीड लाख भरून गेलेत.” बाईंनी शिक्का उमटवला. “इथे सही करा.”

नागोरावांनी सही केली. ती चुकून जामीनदाराच्या रकान्यात झाली. बाईंनी पुन्हा करायला सांगितली.

घरी सुशीलाबाईंनी पेढे आणून ठेवले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा अर्धा किलो. पुढच्या रविवारी घरी बुद्धवंदना आणि जेवण ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. “पहिलं आमंत्रण उत्तरेश्वरभाऊजींना,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या सहीवर तर उभं राहिलं सगळं. आपण दोघं जाऊन देऊ.” नागोराव म्हणाले, मी कामावर देईन. सुशीलाबाईंनी ऐकलं नाही. “असं कागदासारखं द्यायचं नसतं,” असं म्हणून त्यांनी लग्नातलं पातळ बाहेर काढलं.

मनपाच्या थांब्यापर्यंत बसने आणि तिथून चालत ते कसब्यात गेले. तांबटांच्या आळीतून ठोके ऐकू येत होते. सुशीलाबाई भराभर चालत होत्या. नागोराव मागे राहत होते.

दार सोनालीने उघडलं. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ होतं. “या काका,” ती म्हणाली आणि बाजूला झाली. गाल बसलेले, केस कसेबसे बांधलेले. वीस वर्षांची पोर तिशीची वाटत होती. तिच्या आईने, कांताबाईंनी, सतरंजी टाकली. उत्तरेश्वर पलंगावर बसून चष्म्याची काडी बांधत होता. त्याने मान वर केली.

“बसा,” तो म्हणाला.

नागोरावांनी लिफाफा दिला. उत्तरेश्वरने पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी केली आणि उशाखाली सरकवलं. “सुटलो म्हणायचं दोघंही,” तो म्हणाला. सुशीलाबाईंनी पेढे दिले, आमंत्रण दिलं. मग त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि सोनालीला विचारलं, “कधी आलीस? किती दिवस आहेस?”

सोनालीने आईकडे पाहिलं. कांताबाई म्हणाल्या, “आलीय दिवाळीपासनं. आता जाईल असं वाटत नाही. नवरा हात उचलतो.” त्यांनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग सुशीलाबाई म्हणाल्या, “तू नर्सिंगला जाणार होतीस ना गं? सृष्टी सांगायची. मग मन बदललं का?”

“मन कशाला बदलतंय, सुशीलाताई,” कांताबाई म्हणाल्या. “साठ हजार कमी पडले. पोरगी आठ दिवस जेवली नाही. मग स्थळ आलं, म्हटलं घरात बसून तरी काय करायचं.”

“अगबाई. आम्हाला का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं की ह्यांनी. तुमच्या घरी येऊन गेले होते रविवारी. पण तुमचीही तेव्हा ओढाताण होती म्हणे, एक पैसा नव्हता घरात. हे म्हणाले, त्याच्याकडे असते तर त्याने विचारायच्या आधी दिले असते.”

“कांता,” उत्तरेश्वर म्हणाला, “चहा टाक.”

सुशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या बाळाच्या पायातला वाळा गोल गोल फिरवत राहिल्या. नागोराव सतरंजीच्या काठाकडे पाहत होते. आपण खोटं बोललो हे उत्तरेश्वरला दोनच दिवसांत कळलं होतं, आणि तरी त्याने ते आपल्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. दोन वर्षं त्याने नागोरावांचं नाव स्वतःच्या घरात राखलं होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा आला. नागोरावांनी कप तसाच खाली ठेवला.

निघताना उत्तरेश्वर बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आला. सुशीलाबाई झपाझप पुढे निघून गेल्या.

“तुला माहीत होतं,” नागोराव म्हणाले.

“हां.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं? पैसे तुझे होते.”

“उत्तरेश्वर, आता घे. साठ नाही, लाख घे. आता माझ्याकडे…”

“आता कशाला?” उत्तरेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि दुसरंही काही नव्हतं. “फीची तारीख होऊन गेली. तेव्हा तू म्हणाला असतास, आहेत पण देत नाही, भीती वाटते, तर मी समजून घेतलं असतं. मी बघत होतो की तू कसा जगतोस. सहीचा पस्तावा नाही मला. घर पाहिजेच होतं तुला. पण तू मला खोटं सांगितलंस, नागोराव.”

‘नागू’ नाही आणि ‘खंडारे’ही नाही. एवढ्या वर्षांत त्याने त्यांना या नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. ती परक्या, वयस्कर माणसाला मारावी तशी होती. तो वळला आणि बोळात परत गेला.

बसमध्ये जागा मिळाली. कोथरूड आलं तरी सुशीलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“गणपतीच्या आधीचा रविवार ना तो?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मी दळण आणायला गेले होते.”

“हो.”

“दीड लाख होते तेव्हा कपाटात. मीच मोजले होते.”

“बँकेचं पत्र आलं होतं, सुशीला. तुला आठवतंय ना, मला झोप नव्हती. एकदा हात सैल सोडला की…”

“माझ्या पाटल्या होत्या,” त्या म्हणाल्या.

“त्या तुझ्या आईच्या.”

“म्हणून तर ठेवल्या होत्या. कधी असा दिवस आला तर असाव्यात म्हणून.” त्यांनी तिकिटाची घडी केली, आणखी एक घडी केली. “तुम्ही त्यांना नाही म्हणालात ते म्हणालात. पण मला विचारलंच नाही. माझे पोळ्यांचे पैसे होते त्यात.”

वारजे येईपर्यंत त्या तिकिटाच्या घड्या घालत राहिल्या.

रविवारी वंदना झाली. जेवायला पस्तीस माणसांचा स्वयंपाक केला होता, आली अकरा. ज्यांच्याकडे बारा वर्षांत गेले नव्हते त्यांनी फोनवर मनापासून अभिनंदन केलं आणि कामं सांगितली. सृष्टी आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, “बाबा, चिल. लोक बिझी असतात.” पण तिनेही उरलेली भाजी फ्रीज नसलेल्या घरात कुठे ठेवायची म्हणून तीन वेळा पातेली हलवली. उत्तरेश्वर आला नाही. दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंनी डबा भरला आणि एकट्याच कसब्यात गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची नागोरावांची हिंमत झाली नाही.

एवढं मात्र झालं की त्यानंतर पोळ्यांचे पैसे कपाटात येईनासे झाले. सुशीलाबाईंनी आपल्या नावाचं वेगळं खातं उघडलं. पूर्वी महिनाअखेरीला दोघं जमिनीवर बसून हिशेब करत. आता नागोराव एकटेच बसत, आणि कर्ज नसल्यामुळे त्या हिशेबात फारसं काही नसे. दूध पुन्हा लिटरभर घेऊ या, असं ते म्हणाले. सुशीलाबाई म्हणाल्या, “आता अर्ध्याचीच सवय झाली.”

उत्तरेश्वरची निवृत्ती जवळ आली होती. जानेवारीत त्याने स्वतःहून सुपरवायझरला सांगून जोडी बदलून घेतली. गुडघे दुखतात, टपावर उभं राहवत नाही, असं कारण दिलं. नागोरावांना उत्तरेश्वरच्या जागी एक नवा जोडीदार मिळाला, ऋषी नावाचा. कामाला हुशार, बोलायला मोकळा, पण कानात सतत काहीतरी घातलेलं. टपावर उभं राहिलं की नागोराव प्रत्येक शब्द दोनदा ओरडू लागले.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल-श्रीफळ दिलं. वर्गणी गोळा करायचं काम नागोरावांनी मागून घेतलं आणि स्वतःचे पाच हजार टाकले. कुणी यादी पाहिलीच नाही, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही. उत्तरेश्वर दोन मिनिटं बोलला. सगळ्यांची नावं घेऊन त्याने आभार मानले, त्यात नागोरावांचंही नाव होतं, सुपरवायझरच्या नंतर आणि वॉचमनच्या आधी. पुढच्या आठवड्यात तो आणि कांताबाई बार्शीला निघून गेले. सोनाली पुण्यातच राहिली.

ती काय करते, हे नागोरावांना त्यांच्या घरात नाही, कामाच्या ठिकाणी कळलं. बिबवेवाडीतल्या एका छोट्या खासगी दवाखान्याची लिफ्ट अडकली होती, तेव्हा तिथल्या जिन्यात ती समोर आली. फिकट निळा गणवेश, हातात बादली.

“सोनाली? तू इथे?”

“आया आहे काका. आठ तासांची ड्यूटी. सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स चालू आहे, सकाळचा. तो झाला की वॉर्डात घेतील म्हणतात.” मग ती थोडी घोटाळली. “काकू भरतात फी. तुम्हाला माहीत असेलच.”

“हो,” नागोराव म्हणाले. “माहीत आहे.”

“बाळालाही त्याच बघतात दिवसा. पोळ्यांना जातात तिथे सोबत नेतात.”

वरच्या मजल्यावरून कुणीतरी तिला हाक मारली. ती बादली उचलून गेली. नागोराव लिफ्टच्या उघड्या दाराशी उभे राहिले आणि ऋषीने दोनदा विचारल्यावर भानावर आले.

संध्याकाळी सुशीलाबाई गॅलरीत कपडे काढत होत्या. त्यांचे हात मोकळे होते. पाटल्या कधी गेल्या, हे नागोरावांच्या लक्षातच आलं नव्हतं.

“सोनाली भेटली आज,” ते म्हणाले.

सुशीलाबाईंनी एका फडक्याची घडी केली. “बरी आहे ना?”

“बरी आहे. किती झाली फी?”

“ते तुम्ही नका विचारू.”

“मी देतो त्यात निम्मे. निम्मे का, सगळेच देतो. आता काय अडचण आहे आपल्याला?”

“अडचण काहीच नाही,” सुशीलाबाई म्हणाल्या. “म्हणूनच नकोत.” घड्यांचा ढीग छातीशी धरून त्या आत गेल्या.

नागोरावांनी दोरीवर राहिलेले चिमटे गोळा केले. मग आत जाऊन पंख्याखाली बसले. घर चारही बाजूंनी त्यांचं होतं. स्वयंपाकघरात सुशीलाबाई उद्याच्या चार घरांचं पीठ चाळत होत्या, आणि तो आवाज थांबेपर्यंत ते तसेच बसून होते.